मान-यूचे अकरा सेकंद

कीलुंग, ३ नोव्हेंबर

चि. पेई-वेन,

खट्, खट्, आणि मग एक लहानशी घसर. पुन्हा खट्, खट्.

आज सकाळी चहाचं भांडं धुताना हा आवाज आठवला आणि नळ तसाच वाहत राहिला. तुझ्या काकूच्या, मान-यूच्या लाकडी सपाता. आमच्या गल्लीच्या पायऱ्यांना तेव्हा शेवाळ असायचं, तिथं तिचा डावा पाय जरा घसरायचा आणि ती स्वतःलाच "हं!" म्हणून दटावायची. वर्गात पावसाची कविता शिकवून मी घरी यायचो आणि दारात हा आवाज ऐकून वाटायचं, हिला चाल कुणी शिकवली? नंतर एका पावसाळ्यात तो बंद झाला. सपाता कुठं गेल्या विचारलं, तर म्हणाली, "गेल्या." बस.

असो. म्हाताऱ्याच्या पत्राला शेपूट फार, हे तुला ठाऊक आहे. कामाचं लिहितो.

ऑगस्टात तू आणून बसवलेलं यंत्र नीट चालतंय. सत्त्याऐंशी सालची ती टेप, शाळेचा कॅमेरा मागून आणून मी मागच्या अंगणात छपराखाली घेतलेली, ते चित्राचित्रानं स्वच्छ करतंय. वीस मिनिटं मान-यू बांबूचे कोंब सोलते आणि वीस मिनिटं मान वर करत नाही. कॅमेऱ्याची लाज! शेवटी मी टेलिफोन घ्यायला आत गेलो, कॅमेरा स्टुलावर तसाच चालू. तेवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी आलं आणि तिनं चेहरा वर केला. तेच अकरा सेकंद बुरशीनं खाल्लेत. नुसत्या मुंग्या दिसतात. आतून दार वाजलेलं ऐकलं होतं, म्हणून परत आल्यावर विचारलं, कोण होतं गं? म्हणाली, वारा.

फोटो आहेत, पण फोटोत ती फोटोसाठी बसलेली असते. कुणाला तरी बघून वर झालेला तिचा चेहरा मला एकदा बघायचाय.

अडचण अशी. आठ डिसेंबरला डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, केली नाही तर उजेडही जाईल. केली तर उजेड राहील, पण चेहरे ओळखू येतील असं धरून चालू नका. आणि यंत्राच्या कोपऱ्यात काम संपायची तारीख येते ती बारा डिसेंबर. चार दिवसांसाठी मी चुकणार बघ.

तू एकदा म्हणाली होतीस, ग्राफिक्स कार्डाला चिमटा काढला तर ते जास्त पळतं. तो चिमटा मला शिकव. फोनवर नको, मला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस. पत्रानंच.

तुझा,
शाओ गुरुजी

*

तैपेई, ६ नोव्हेंबर

गुरुजी, नमस्कार.

मी फोनवर ओरडत नाही, संगणकांच्या बाजारातली माणसं अशीच बोलतात. आमच्या मजल्यावर दीडशे गाळे आहेत आणि प्रत्येकात पंखे घरघरतायत.

आधी ते शेवटचे अकरा सेकंदच करून घेता येणार नाहीत. आधीची सगळी चित्रं बघूनच यंत्र पुढचं ओळखतं. काकूंची मान, खांदे, हात हे सगळं पाठ झाल्यावरच त्याला चेहरा अंदाजानं भरता येईल. तुम्ही आम्हाला कविता पहिल्या ओळीपासून म्हणायला लावायचात ना, तसंच.

आता चिमटा. पण चिमटा म्हणजे चिमटाच, गुद्दा नाही.

पहिल्यांदा यंत्र बंद करा, बाजूचं झाकण काढा आणि मऊ कुंचल्यानं पंख्यांची धूळ काढा. कीलुंगची दमट धूळ म्हणजे लापशी. पंख्याचं पातं बोटानं धरून मगच झाडा. निम्मं काम इथंच होईल, तापलेलं कार्ड आपणहून सावकाश चालतं. मग पडद्यावरची मी ठेवलेली निळी खूण दाबा. तिथं एक सरकपट्टी आहे, ती कार्डाच्या ठोक्यांची. एक कळ दाबली की पंधरा ठोके वाढतात. दिवसाला एक कळ. एकच. प्रत्येक कळीनंतर अर्धा तास समोर बसून चित्र बघायचं. रंगीत ठिपके उठले, रेघा तडकल्या, तर दोन कळा मागं आणि तिथंच मुक्काम. पंख्याचा वेग मी लावून दिलाय तेवढाच ठेवा. आणि खालची पट्टी आहे ती विजेच्या दाबाची, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कार्डं मरतात ती तिच्यामुळे.

आकडे तुम्हाला दिसत नाहीत, म्हणून तापमानाची जाड पट्टी मी पडद्यावर आधीच लावून ठेवलीय. हिरवी असेतो खुशाल. पिवळी झाली तर कळ मागं. लाल झाली तर थेट बंद.

जुनं कार्ड आहे, गुरुजी. अडकून पडलं तर आतापर्यंतची सगळी शिकवणी पुसून जाईल आणि मग डिसेंबर काय, वसंतही पुरणार नाही. सगळं नीट झालं तर पाच डिसेंबरला संपेल.

सोबत खोबऱ्याच्या चवीच्या कुरकुरीत खाऊची हिरवी पुडी पाठवतेय. यंत्राच्या डोक्यावर ठेवा, म्हणजे ते गुणानं चालेल. हसू नका. रेल्वेच्या सिग्नलखोलीत ठेवतात, रुग्णालयात ठेवतात, आणि मी तर माझ्या गाळ्यात एकही यंत्र पुडीशिवाय चालू करत नाही. नियम तुम्हाला माहीत आहेत. हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, आणि खायची नाही.

तुमची,
पेई-वेन

*

कीलुंग, १४ नोव्हेंबर

चि. पेई-वेन,

पुडी खाल्ली. मी नव्हे, शेजारच्या पानबाईंनी.

मासळीची तळलेली वडी द्यायला आल्या, मी स्वयंपाकघरातून ताट घेऊन येतो तर बाईंचं कुरुमकुरुम चालू. म्हटलं, "अहो बाई, ती यंत्राची होती!" तर म्हणतात, "यंत्राला दात आहेत का, गुरुजी? मला अजून सहा आहेत." मग मी स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दुसरी आणली. दुकानदारीण हसली. काय बघून हसली कोण जाणे, माझी टोपी असेल.

धूळ निघाली. मुठीएवढी. आता पंख्यांचा आवाज बदललाय, कौलावर लांबून येणाऱ्या पावसासारखा. या गावात खरा पाऊस कुठला आणि यंत्राचा कुठला, हे कळायला खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो.

दिवसाला एक कळ म्हणालीस. मी प्रामाणिक माणूस आहे म्हणून सांगतो, एखाद्या दिवशी दोन झाल्या. पट्टी हिरवीगार आहे. ठिपके नाहीत. काम संपायची तारीख सरकून सहावर आलीय.

एक गोष्ट विचारायची होती. अंगणाचं मागचं दार टेपमध्ये कधी नीट दिसत नव्हतं, काळा चौकोन होता नुसता. आता सतराव्या मिनिटाशी त्या काळ्यात एक उभी फट दिसते. दार किलकिलं असावं तशी. अठराव्या मिनिटात ती रुंद झालीय आणि फटीत कुणीतरी उभं आहे. मान-यूला अजून पत्ता नाही, ती खाली बघून सोलतेय.

मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून मी मान-यूकडे बघितलं की दार स्पष्ट होतं, आणि दाराकडे बघितलं की मान-यू. दोघी एका वेळी काही सापडत नाहीत.

दोघी लिहून गेलो. बाईच आहे, असं का वाटलं सांगता येत नाही.

तुझा,
शाओ गुरुजी

*

तैपेई, १७ नोव्हेंबर

गुरुजी,

दोन कळा? वर्गात कुणी असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतंत.

दारातल्या माणसाचं मनावर घेऊ नका. यंत्राला जिथं काही दिसत नाही तिथं ते बनवून भरतं. काळ्या चौकोनात त्याला दार सुचलं, दार सुचल्यावर दारात माणूस सुचलं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्या लग्नाच्या टेपमध्ये यंत्रानं एक पाहुणा वाढवला होता. सासऱ्यानं त्याला ओळखलंसुद्धा.

तरी दोन कळा मागं घ्या, माझ्यासाठी. ठोके फार वाढले की आकडेमोड चुकते आणि भलतंसलतं उमटतं. खरंच असेल तर मागं आल्यावरही राहील.

ती जी कुणी आहे, तिच्या पायात काही आहे का? की अनवाणी? सहज विचारते.

पेई-वेन

*

कीलुंग, २८ नोव्हेंबर

चि. पेई-वेन,

सहज विचारतेस? चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत मी. सहज हा शब्द जिथं येतो तिथं लाल पेन्सिल थांबते.

कळा मागं घेतल्या नाहीत. घेणार होतो. पण एकोणिसाव्या मिनिटात मान-यूचे हात थांबले. सुरी तशीच, कोंब तसाच, हात थांबले. ती ऐकतेय. आता कसं मागं येऊ? उलट रोज एक कळ पुढंच जातोय. पट्टी हिरवी आहे, म्हणजे तुझ्या नियमातच आहे.

ठिपके आलेत, हे लपवत नाही. पहिल्यांदा दोन, आता मूठभर. सगळ्या चित्रभर नाहीत, फक्त दाराशी, तिच्या भोवती. पावसात दिव्याखाली उभ्या माणसाभोवती थेंब चमकतात ना, तसे. खोलीत तापलेल्या धुळीचा वास येतो. मी खिडकी उघडी ठेवतो, मग बाहेरचा पाऊस आत आणि आतला बाहेर.

ती दाराच्या आत आलीय. अनवाणी आहे. तुला कसं कळलं?

छोट्या प्रिंटरवर ते चित्र छापून सोबत घातलंय. माझ्या डोळ्यांचे खेळ असतील तर तुला तिथं कुणी दिसणार नाही. आणि पुडीची तारीख मला वाचता येईना, म्हणून तिची वरची कड कात्रीनं कापून पाठवतो. पुडी फुटलेली नाही, शिवणीच्या वरूनच कापलीय. तारीख उलटली असेल तर कळव. उगाच नाट नको.

शेवटच्या मिनिटाचं काम बुधवारी सुरू होईल.

तुझा,
शाओ गुरुजी

*

तैपेई, १ डिसेंबर
(जलद टपालानं)

गुरुजी,

आधी हे वाचा, बाकीचं नंतर. यंत्राच्या समोर जाऊन सरकपट्टी पार डावीकडे न्या. शून्यावर. पंखे पूर्ण वेगावर सोडा. मग खुर्चीत बसून पुढं वाचा.

तुम्ही पाठवलेली कड पिवळी आहे.

तारीख ठीक आहे, पुढल्या जूनची. पण पुडी पिवळी आहे, गुरुजी, मसाल्याची. तीन आठवडे यंत्राच्या डोक्यावर पिवळी पुडी आहे आणि तुम्हाला ती हिरवी दिसतेय. दुकानदारीण टोपीला हसली नव्हती. इथं शेंबडं पोरही यंत्रावर पिवळी ठेवत नाही.

पुडीचं नशीब जाऊ दे. पण पुडी पिवळी असून तुम्हाला हिरवी दिसते, तर तापमानाची पट्टी? तुम्ही दर पत्रात लिहिता, हिरवी आहे, हिरवीगार आहे. ती पहिल्या आठवड्यापासून पिवळी असेल. लाल कधी झाली असेल तर ती तरी तुम्हाला कळली असेल का? रंगावर सोडलं हा माझा गाढवपणा. डोळे जाणाऱ्या माणसाला मी रंगांची पट्टी लावून दिली.

पानबाईंना फोन केला होता. त्या वायर उपटायला निघाल्याच होत्या. मी थांबवलं, कारण उपटली तर सगळं पुसेल. हात तुमचाच हवा. कार्ड अजून तग धरून असेल तर मूळ चालीनंही शेवटचं मिनिट सोमवारच्या आत होईल. घाई केलीत तर काहीच हाती लागणार नाही.

आता दुसरं.

चित्र बघितलं. ती तुमच्या डोळ्यांचा खेळ नाही. मलाही दिसते. ठिपके आहेत, पण ठिपक्यांच्या मागं ती आहे. गाळ्यातल्या शेजाऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, ही ओली बाई कोण?

गुरुजी, त्या दिवशी दाराशी वारा नव्हता. मी होते.

तुम्ही मला आंतरशालेय कविता-स्पर्धेसाठी निवडलं होतंत. चौथं कडवं माझ्याकडून शंभरदा म्हणवून घेतलंत. आणि आदल्या दिवशी बाबांनी सांगितलं, शाळा पुरे, तैपेईजवळच्या कारखान्यात नाव घातलंय, उद्याची गाडी. ते तुम्हाला सांगायला आले होते. पावसात बूट फाटून हातात आले. अनवाणी दारात उभी राहिले. काकूंनी वर बघितलं. मी आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघत राहिले. त्या उठल्या, स्वतःच्या पायातल्या सपाता काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी एवढंच म्हटलं, गुरुजींना सांगू नका. त्यांनी मान हलवली.

तुम्ही नंतर वर्गात म्हणालात म्हणे, पेई-वेन भित्री निघाली, कडवं पाठ नव्हतं म्हणून पळाली. मैत्रिणीनं कळवलं होतं. त्या रागावर मी सपाता परत केल्या नाहीत. मग राग गेला आणि लाज राहिली. काकूंच्या अंत्यविधीलाही पिशवीत घालून आणल्या होत्या, तशाच परत नेल्या.

पण एक गोष्ट मला समजत नाही आणि ती मी गाळ्यात बसून दहादा बघितलीय. मी दाराच्या आत आलेच नव्हते, उंबऱ्याबाहेर उभी होते. आणि मी चौदा वर्षांची होते. चित्रातल्या बाईचे खांदे चौदा वर्षांचे नाहीत.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. दुसरं कार्ड आणते, हिरवी पुडी आणते. तोवर पट्टी डावीकडे. शपथ आहे.

पेई-वेन

*

कीलुंग, गुरुवार, ४ डिसेंबर

चि. पेई-वेन,

तू स्वयंपाकघरात चहा ठेवते आहेस. दारातून तुझी पाठ दिसतेय. हे पत्र टपालात पडणार नाही, तरी लिहितो. समोर विचारायचा धीर नाही, आणि आपली बोलायची रीतही हीच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचायला वेळ लागला, तुझं अक्षर अजून वाकडंच आहे. वाचून उठलो आणि पट्टी डावीकडे नेली. काम संपायची तारीख आजवरून शुक्रवारवर गेली. वाटलं, आता हे राहणार. मग दुसरं वाटलं, एका मुलीला मी भित्री म्हणालो होतो आणि ती अडतीस वर्षं दुसऱ्याच्या सपाता सांभाळत बसली. निदान तिचं एवढं तरी ऐकावं.

यंत्राला हात लावून बघितलं. पहिल्यांदाच. आतापर्यंत नुसतं बघत होतो. चहाच्या किटलीसारखं तापलं होतं. तासाभरानं कोमट झालं. ठिपके एकेक करून विझले.

ती विझली नाही. तूच लिहिलं होतंस, खरंच असेल तर मागं आल्यावरही राहील.

थंड झाल्यावर यंत्र उलट जोरानं चालायला लागलं. तू म्हणाली होतीस ना, तापलेलं कार्ड आपणहून सावकाश होतं. मी तीन आठवडे त्याला पळवत होतो आणि ते धापा टाकत होतं. शुक्रवारचं काम आज दुपारी एकला संपलं. घंटी वाजली. मी खुर्ची तिरपी केली, कडेच्या नजरेनं बघता यावं म्हणून, आणि ते अकरा सेकंद लावले.

पेई-वेन, दिसली. मान-यू दिसली. कपाळावरची बट मनगटानं मागं सारत तिनं वर बघितलं आणि हसायच्या आधी माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला. हसली नाही. फक्त हसणार होती. मी ते सातदा बघितलं. आता डॉक्टरांनी काय करायचं ते करावं.

आठव्यांदा दाराकडे बघितलं. पिवळा रेनकोट, आखूड पिकलेले केस, दोरीला अडकवलेला चष्मा. चौदा वर्षांची नव्हेस. ऑगस्टात यंत्र घेऊन आलीस तशी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही. तू लिहिलेलं खांद्यांचं बरोबर होतं.

आणि नवव्यांदा मान-यूची नजर बघितली. इतका वेळ वाटत होतं ती तुझ्याकडे बघतेय. तशी नव्हती बघत. तुझ्या जरा मागं बघत होती.

तेव्हाच गल्लीतून आवाज आला. खट्, खट्, आणि एक लहानशी घसर. "हं!"

मला लांबचं ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. तू घंटा वाजवलीस तर ती पानबाईंना ऐकू जाते, मला नाही. पण हा आवाज मी पायऱ्यांच्या तळापासून ऐकला. एकेक पायरी मोजली. सोळा. मागच्या दाराशी थांबला.

मी मनात म्हटलं, शनिवार म्हणाली होती आणि गुरुवारीच आली पोर. आणि सपाता घालून आली, बघ. लाज संपली. हसतच मागचं दार उघडलं.

तू होतीस. रेनकोट पिवळा आणि हातातली पुडी हिरवी. दोन्ही रंग मला वेगवेगळे दिसले, त्याचंच मला आधी नवल वाटलं. "राहवलं नाही, गुरुजी," म्हणालीस. "सकाळीच गाळा बंद केला." मी खाली बघितलं. तुझ्या पायात रबरी बूट होते. आणि सपाता तुझ्या काखेत होत्या, वर्तमानपत्रात, सुतळीनं बांधलेल्या, कोरड्या.

चहा घेऊन येशील तेव्हा मी हे पत्र तुझ्यापुढे ठेवेन. मला एवढंच विचारायचंय. मी "ये, आत ये, ओली होशील" म्हटलं, तेव्हा तू लगेच आत आली नाहीस. उंबऱ्याशी थांबलीस, मान किंचित लववलीस, आणि बाजूला सरलीस, आपल्या मागं कुणी वडीलधारं असलं की आपण त्याला आधी आत जाऊ देतो, तशी. कोण होतं गं?